शेवटल्या पंगतीचा भात

रिपोर्टात तीन जंतूंची नावं होती आणि तिन्ही नावांपुढे एकच शेरा होता: आढळले नाही.

टीनाने बुधवारी संध्याकाळी फोनवरून तो बापाला वाचून दाखवला. भंडाऱ्याच्या एका छोट्या प्रयोगशाळेत ती अन्नाचे नमुने तपासायची. चार वर्षांत तिने शेकडो रिपोर्ट लिहिले होते, पण आपल्याच घरच्या जेवणावळीचा हा पहिला.

“मंजे का?” पुंडलिकरावांनी विचारलं.

“मासोळीच्या रश्श्यात काही निघालं नाई, बाबा.”

“निघालं नाई, का तुमाले सापडलं नाई?”

बाप सातवी शिकलेला, पण घाव नेमका बसला होता.

“अडतीस लोकं ओकून राहिले होते. तू बी होती त्याइच्यात. हवेनं झालं का ते? तुमच्या सायबाले चष्मा बदलव म्हणा.”

फोन बंद झाला.

झालं होतं ते असं. रविवारी मनिषच्या, म्हणजे टीनाच्या भावाच्या, पोराचं जावळ काढलं. एप्रिलचं ऊन, अंगणात मांडव, मासोळी-भाताचं जेवण. जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेल्यापासून या नव्या गावात एवढी मोठी पंगत कोणी घातली नव्हती.

भात चंद्रभागाबाईने रांधला होता. टीनाची माय. गावात लग्न असो की तेरवी, भात तिच्याच हातचा. पहाटे चारला चुली पेटत. शिजलेला भात निथळला की ती तो बांबूच्या मोठ्या डाल्यात रिचवी. डाल्याला आतून पळसाची पानं, वरून ओलं धोतर, त्यावर गोणपाट, त्यावर घोंगडं. सगळं कसं दाबून, चेपून, बाळंतिणीला गुंडाळावं तसं. दुपार कलली तरी त्या भातातून वाफ निघे. भात भरताना ती गुणगुणे, आणि ते गाणं तिचंच होतं, दुसऱ्या कोणाच्या तोंडी टीनाने कधी ऐकलं नव्हतं:

भात शिजला वो माय, वरतं पयसाचं पान,
शेवटल्या पंगतीले बी ऊनऊन जेवान.

पहिली पंगत अकराला, गावातल्या मोठ्या माणसांची. दुसरी पाहुण्यांची. शेवटली चार वाजता, ज्यांनी वाढलं, पाणी भरलं, मांडव बांधला, पत्रावळी उचलल्या त्यांची. म्हणजे बायांची आणि राबणाऱ्यांची. टीना त्याच पंगतीत बसली होती. सहा वाजता पहिली उलटी मांडवामागे झाली. दिवेलागणीपर्यंत तालुक्याच्या दवाखान्यात खाटा पुरेनात.

कोणी दगावलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळे घरी आले ते सुकलेले आणि संतापलेले. संतापाला जागा शोधावी लागली नाही. मासोळी. आणि मासोळी म्हणजे शकुनबाई.

शकुनबाई धरणातली मासोळी आणून विकायची. पन्नाशीची बाई, आवाज खरखरीत, हातावर खवल्यांची कायमची चमक. पुंडलिकरावांची सात एकर धानाची शेती ज्या पाण्याखाली गेली, त्याच पाण्यात शकुनबाईच्या घरची जाळी पडत. ही गोष्ट त्यांनी तोंडाने कधी काढली नाही. पण ती “राम राम भाऊ” म्हणाली की ते दुसरीकडे बघत. जावळाची मासोळी तिच्याकडून घेतली ती नाइलाजाने, कारण तिच्याइतकी ताजी आसपास कोणाची नव्हती.

गुरुवारी बाजार. टीना सुटी टाकून गावी पोचली तेव्हा कडुनिंबाखाली गर्दी जमली होती. मधोमध शकुनबाईची टोपली उलटी पडलेली, रोहू मातीत लोळत होते आणि मनिष कमरेवर हात ठेवून उभा होता.

“उचल अन चालती हो. माया पोराच्या जावळाले जहर चारलं तू!”

“तुया पोराले दात तरी आले का? त्याले कशाचं चारू?” शकुनबाईने पदर खोचला. “अन तू? दुसऱ्या पंगतीत चार तुकडे हाणले तू. मासोळी कापून मी तिथंच बसली होती, या डोळ्यानं पाह्यलं. तू काहून नाई मेला?”

“पाहा! मराची भाषा करते वरून!” गर्दीतून कोणी ओरडलं.

पुंडलिकराव बाजार कमिटीचे अध्यक्ष. ते पुढे आले, पण टोपलीकडे त्यांनी पाहिलं नाही. “मंगळवारी बैठक आहे. तुया जागेचं तवा ठरन. तोवर इथं बसू नोको.”

“ठराचं का राह्यलं, भाऊ? तुमी ठरवूनच आले.”

बारा वर्षं ती या झाडाखाली बसत होती. दुसरा बाजार अठरा किलोमीटरवर, आणि मासोळीची टोपली बसमध्ये कंडक्टर चढू देत नाही. ही जागा गेली म्हणजे तिची चूल गेली, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच कोणी खाली वाकलं नाही. तिने एकेक मासा स्वतःच उचलला, फुंकर मारून माती उडवली आणि टोपलीत ठेवला, निजलेलं लेकरू उचलावं तसा.

“तू काहून नाई मेला?” हे वाक्य टीनाच्या डोक्यात काट्यासारखं रुतून राहिलं.

घरी येऊन तिने रिपोर्टाच्या पाठीवर आजारी पडलेल्यांची नावं लिहायला घेतली. अडतीस नावं. पहिल्या पंगतीतलं एक नाही. दुसऱ्या पंगतीतलं एक नाही. सगळे शेवटले. रस्सा तर तिन्ही पंगतींना एकाच गंजातला, दिवसभर चुलीवर रटरटत होता. भात मात्र वरून खाली संपत गेला. शेवटल्या पंगतीला डाल्याचा तळ आला.

माय ओसरीवर तांदूळ पाखडत होती.

“माय, तळचा भात शेवटी निघाला ना?”

सूप थांबलं. “मंग?”

“पहाटे चारचा. आपण चार वाजता खाल्ला. बारा घंटे कोमट राह्यला तो.”

“कोमट नाई. ऊन.” चंद्रभागाबाईने मान वर केली. “तीस वर्ष झाले मले रांधता. हजार-हजार लोकं जेवले. एकानं म्हटलं नाई का भात असा अन भात तसा. अन तुले शिकवलं कायले, तं माया भातात किडे पाहाले?”

“नाव ठेवून नाई राहिली वो. तपासून पाहतो म्हणतो.”

“अन्न तपासते! उकळत्या आधणातून निघालेलं अन्न!” तिने गळ्यातली तुळशीची माळ चिमटीत धरली. “मी मासोळीले शिवत बी नाई. मी बी शेवटल्या पंगतीतच बसली. नुसता भात अन मीठ खाल्लं. मले झालं काही? सांग ना. झालं?”

टीनाने जुळवलेलं सगळं एका वाक्याने उसवलं. तोच भात, तीच वेळ, आणि माय ठणठणीत.

“तोंड शिवलं आता?” माय म्हणाली आणि सूप पुन्हा नाचायला लागलं.

तरी टीना गेली. गावाच्या टोकाला शकुनबाईचं घर, दारात जाळी वाळत घातलेली, अंगणात कोंबड्या.

“मावशी, आजचे अंडे आहेत का?”

“कायले? फेकून माराले आली?”

“तपासाले लागते. अंड्याच्या बलकाशिवाय तो जंतू ओळखू येत नाई. दुकानातले कधीचे असते, माहीत नाई. ताजे पायजे.”

शकुनबाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. “तुया भावानं लाथ मारली अन तू अंडे मागाले आली. मोठं घर आहे बाई तुमचं.” मग आत जाऊन तिने स्टीलच्या डब्यात भुश्शावर चार अंडी ठेवून आणली आणि डबा हातात न देता उंबऱ्यावर ठेवला. “ने. अन मासोळीतच काही निघालं तं इकडं तोंड दाखवू नोको.”

प्रयोगशाळेत भात होता. सोमवारी अन्न निरीक्षकांनी दोन्ही पदार्थ दोन-दोन पिशव्यांत आणले होते. पण फॉर्मवर ‘संशयित पदार्थ’ अशी एकच ओळ, तिथे ‘मासोळी रस्सा’ लिहिलेलं. भाताच्या पिशव्या फ्रिजच्या तळच्या कप्प्यात तशाच पडून राहिल्या होत्या, गाठ न सोडलेल्या.

“भात?” अनुपसर शुक्रवारी सकाळी म्हणाले. प्रयोगशाळा त्यांची होती आणि आवाजातून ते कोणाला विसरू देत नसत. “उकळलेला भात? झोपेत आहेस का?”

“सर, काही जंतू बी धरतात, बीजाणू. ते उकळून मरत नाही.”

“ते पुस्तकात मीही वाचलं आहे. फॉर्मवर रस्सा होता, रस्सा तपासला, विषय संपला. आपण तीन जंतू शोधतो, तीन शोधले.”

“म्हणूनच चौथा सापडला नाही.”

अनुपसरांनी चष्मा काढला. “जेवणावळ तुझ्या बापाची असेल. लॅब तुझ्या बापाची नाही.”

“हा जंतू वाढवायचं माध्यम आपल्याकडे आहे, सर. कपाटात वरच्या फळीवर, सील न फोडलेलं. त्यात बलक दर वेळी ताजा करून घालावा लागतो म्हणून कोणी हात लावला नाही. मी माझ्या वेळात करते.”

त्यांनी कपाटाची किल्ली टेबलावर टाकली, ती घसरत जाऊन खाली पडली. “कर. काही नाही निघालं तर सोमवारपासून फक्त बाटल्या धुवायच्या.”

तिने किल्ली उचलली.

अंडं स्पिरिटने पुसलं, ज्योतीजवळ फोडलं, पांढरं ओघळू दिलं. बलक मिठाच्या निर्जंतुक पाण्यात घोळला आणि उकळून निववलेल्या माध्यमात ओतला. काचेच्या चपट्या ताटल्यांत ते थर धरू लागलं. मग भात. तोच, पळसाच्या पानाचा वास अजून अंगाला असलेला. तिने तो पाण्यात घोटला, पाणी पातळ केलं, आणखी पातळ केलं. अर्धं तसंच ठेवलं. अर्धं ऐंशी अंशांवर दहा मिनिटं तापवलं, म्हणजे बाकीचं सगळं मरेल आणि बी धरून बसलेलं तेवढं उरेल. दोन ताटल्या भाताच्या, एक रश्श्याची. चौथीत काहीच नाही, नुसतं माध्यम आणि बलक. ताटल्या तीस अंशांच्या उबेत ठेवून ती घरी गेली, पण तिच्या डोळ्याला डोळा लागला नाही.

शनिवारी सकाळी तिने झाकणं उचलली. भाताच्या दोन्ही ताटल्यांवर गुलाबी ठिपके उमटले होते, आणि प्रत्येक ठिपक्याभोवती पांढुरकं कडं. चंद्राला खळं पडतं तसं. लहानपणी जुन्या गावच्या अंगणात मायच्या मांडीवर पडून तिने असं खळं पाहिलं होतं, आणि मायने तिच्या केसांतून बोटं फिरवली होती.

रश्श्याची ताटली कोरी. चौथीही कोरी.

सापडलं. टीना स्टुलावर बसली, आणि तिला आनंद झाला नाही.

अनुपसरांनी ताटली उजेडात धरून पाहिली, फिरवली, पुन्हा पाहिली. “एकदा आलं म्हणजे आलं असं नसतं,” ते म्हणाले आणि बाह्या सरसावून स्वतः बसले. दुसरी पिशवी उघडली, सगळं पहिल्यापासून केलं. टीनाने पुढे केलेली नळीसुद्धा त्यांनी घेतली नाही, स्वतःची आणली. सोमवारी त्यांच्या ताटल्यांवरही तीच खळी होती. पुढच्या चाचण्यांतल्या खुणाही जुळल्या. मोजणी केली, ग्रॅमभर भातात लाखांच्या वर.

त्यांनी सही केली. “सही केली म्हणजे शाबासकी दिली, असं समजू नको.” मग कोरा फॉर्म ओढून त्यांनी पेनाने दोन ओळी वाढवल्या: सर्व पदार्थ. कोणी, काय, किती वाजता खाल्ले. “हे टाइप करून ठेव. यापुढे याशिवाय नमुना घ्यायचा नाही.” जाता जाता दारात थांबले. “किल्ली जागेवर ठेव.”

मंगळवारी दुपारी समाजमंदिरात बैठक बसली. पुरुष सतरंजीवर, बाया भिंतीशी. शकुनबाई दाराबाहेरच्या पायरीवर. टीनाने रिपोर्ट वाचला. रस्सा निर्दोष. भातात जंतू.

क्षणभर कोणाला कळलंच नाही. मग एकदम कल्ला उठला.

“भातात? येडी झाली का पोट्टी?”

“शकुनबाईनं पढवून पाठवलं!”

“उकळत्या आधणातून जंतू वाचते का?” हे मंगरू म्हणाला. मांडव त्याने बांधला होता आणि उलट्यांनी तोच सगळ्यात बेजार झाला होता. “आमाले शेंबडे समजली का?”

“मंगरूकाका, धानाचे पऱ्हे टाकाच्या आधी बियाचं का करता?”

“भिजवतो. मंग का करतो?”

“भिजवल्यावर?”

“पोत्यात बांधतो. वरून गोणपाट टाकून दाबून ठेवतो. दोन दिसांत मोड येते.”

“दाबता काहून?”

“ऊब लागते ना बे त्याले! ऊब नाई भेटली तं मोड कसा येईन?”

“तसंच हे. वर्षभर ढोलीत धान मेल्यासारखं पडून राहते, पन मरत नाई. या जंतूचं बी धानाच्या बियासारखं तांदळात पडून राहते. आधणात जंतू मरते, बी नाई मरत. मंग त्याले ओल भेटली, ऊब भेटली, बारा घंटे भेटले…”

तिने पुढचं म्हटलं नाही. डालं, ओलं धोतर, गोणपाट, घोंगडं. ते तिथल्या प्रत्येकाने डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मंगरूचं तोंड अर्धवट उघडं राहिलं. बायांच्या बाजूला चंद्रभागाबाई ताठ बसली होती, नजर समोरच्या भिंतीवर.

“अन अंडे कोणाचे वापरले?” मनिष उठून उभा राहिला. “सांग ना सगळ्याइले! गुरुवारी शकुनबाईच्या घरून डब्बा घेऊन निघाली ते म्या पाह्यलं. हिचेच अंडे, अन हिचीच मासोळी साफ निघाली. वा!”

सतरंजीवर हशा पिकला. टीनाचे कान तापले, पण तिने मोबाइल पुढे धरला. “हे पाहा. या ताटलीत बी तेच अंडं आहे. बाकी काहीच नाई. कोरी आहे. अंड्यात असतं तं इथं बी उगवलं असतं.”

मोबाइल हातोहात फिरला. हसू मावळलं.

मग पुंडलिकराव बोलले, आवाज न चढवता, आणि तोच जास्त लागला. “टीना, तुयी माय माळकरीन आहे. मासोळी खात नाई. ते बी शेवटल्या पंगतीत बसली. तोच भात, तळचा, मिठासोबत खाल्ला. तिले काही नाई झालं. आता बोल. तुया कागद खरा का तुयी माय?”

गुरुवारपासून टीनाने याच प्रश्नाशी झटापट केली होती. कागद हातात होता, त्यावर सही होती, आणि माय समोर धडधाकट होती. बापाने वहीकडे हात नेला. त्या वहीत आता ठराव लिहिला जाणार होता.

“काही नाई झालं?”

पायरीवरून शकुनबाई उठली. चप्पल काढून आत आली.

“मी त्या रविवारी संध्याकाळी माया विळा न्याले आली होती. गोठ्यामागून गेली. तुमी भिंतीले धरून वाकून होत्या, चंद्रभागाबाई. तुमचं तोंड म्या धुतलं. लोट्यानं पाणी पाजलं म्या.”

“ए, तोंड सांभाळ!” मनिष धावून आला.

“तू बस खाली. तुया मायले बोलून राहिली मी.” तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. “तुमी म्हटलं, कोणाले सांगू नोको, घरात पावने आहेत. मले वाटलं उन्ह लागलं बाईले. नाई सांगितलं म्या. टोपली लाथाडली तवा बी नाई सांगितलं, कारन मायाच ध्यानात नाई आलं का हे त्याच्यातलंच आहे. आता या पोट्टीनं मोडाचं सांगितलं तवा उजेड पडला. तुमी मासोळी खातच नाई. मंग तुमी कशानं ओकल्या? माळेले हात लावून सांगा. नाई ओकली म्हटलं तं मी उठून जातो. पुन्हा कडुनिंबाकडं पाहनार नाई.”

सगळ्या माना बायांच्या बाजूला वळल्या.

चंद्रभागाबाई उभी राहिली. हात गळ्यापर्यंत गेला, माळेच्या अलीकडेच थांबला आणि खाली आला.

“ओकली,” ती म्हणाली. “तीनदा.”

मग तिने टीनाकडे पाहिलं. त्या नजरेत ओळख म्हणून नव्हती.

“झाला जीव थंडा?”

आणि ती बाहेर पडली. पदर सावरला नाही, मागे वळली नाही.

पुंडलिकरावांनी वहीचं कोरं पान उलटवलं. “शकुनबाईची जागा आहे तशी राहीन,” ते म्हणाले. “पुढचा विषय. नळाचं पाणी.”

“अन माया मासोळीले ज्यानं लाथ मारली त्याचं का?” शकुनबाईने विचारलं.

“पुढचा विषय म्हटलं ना.”

बाहेर कडुनिंबाखाली तिने टीनाला गाठलं. टीनाला वाटलं, आता काही तरी बरं ऐकायला मिळेल.

“उपकार केले असं वाटत असन तुले,” शकुनबाई म्हणाली. “तुमच्या घरचं होतं, तुमी निस्तरलं. माया डब्बा आणून दे. स्टीलचा आहे.”

पुढचे दीड महिने माय टीनाशी बोलली नाही. फोन वहिनीने उचलायचा, निरोप वहिनीने द्यायचा. गावात चंद्रभागाबाईला भातासाठी बोलावणं येत नव्हतं, हेही वहिनीकडूनच कळलं. एका तेरवीला शेजारच्या गावचा आचारी आणला. त्याचा भात चिकट झाला म्हणे. लोकांनी गुपचूप खाल्ला.

मग गावातल्या जनाबाईच्या मुलीचं लग्न निघालं आणि जनाबाई स्वतः येऊन चंद्रभागाबाईला घेऊन गेली. टीना लग्नाला गेली. मांडवामागे गेल्यावर तिला आधी डालं दिसलं. ते भिंतीशी पालथं पडलं होतं आणि त्यावर कोणी ओल्या साड्या वाळत टाकल्या होत्या.

चुली अजून पेटलेल्या होत्या. दुपारचे दोन, तरी आधण चढत होतं. माय पदराने घाम पुसत बायांवर ओरडत होती.

“पंगत बसन तसा रांधाचा! आधीचा उरला तं परातीत पसरव, पातळ पसरव, धान वाळवते तसा! अन डाल्याले कोणी हात लावला तं बोटं तोडीन!”

“अवो, पन पह्यले तं तुमीच डाल्यात…” एक सून म्हणाली.

“पह्यले तुया नवरा बी रांगत होता. आता रांगते का? जा, लाकडं आन.”

टीना तिथे उभी होती हे तिने पाहिलं होतं. पाहिलं नसल्यासारखं तिने झारा आपटला. गाणं ती म्हणत नव्हती.

शेवटल्या पंगतीत टीना बसली. तिच्या शेजारी मंगरू, पलीकडे दोन पाणी भरणाऱ्या बाया. शकुनबाई पंगतीत नव्हती. सकाळी मासोळी देऊन ती आली तशी गेली होती. तिला बसा म्हणायचं अजून कोणाच्या मनात आलं नव्हतं.

भात वाढायला माय स्वतः आली. आताच उतरलेला, शीत न् शीत सुटं, वाफ थेट तोंडावर येणारा. तिने टीनाच्या पत्रावळीवर झारा उलटा केला, इतक्या जोरात की चार शितं टीनाच्या मांडीवर उडाली आणि भाजली.

“घे,” ती म्हणाली. “तपास.”

टीनाने मान खाली घालून पहिला घास घेतला. जीभ पोळली. दुसरा घेतला.

“मीठ,” ती म्हणाली.

मायने मिठाची वाटी तिच्यापुढे आदळली आणि झारा घेऊन मंगरूच्या पत्रावळीकडे वळली.